हेम्पी

विक बंदराच्या धक्क्यावर हेरिंग माशांचा हंगाम भरात होता. आम्ही तिघी माशांच्या एका हौदावर असायचो. एल्स्पेट आणि ग्रिझेल मासे चिरायच्या, मी ते मीठ लावून पिंपात रचायची. ग्रिझेल नवी होती, दक्षिणेकडच्या आयमथची. हात चपळ, तोंड मात्र बंद.

त्या सकाळी तिनं मुकादमाच्या टोपीत माशाची आतडी टाकली. त्यानं टोपी घातली, ओघळ कानावर आले आणि सगळा धक्का खिदळला. ग्रिझेलही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"शाब्बास गं हेम्पे!" एल्स्पेट म्हणाली.

ग्रिझेलचं हसू तिथंच विरलं. "काय म्हणालीस?"

"हेम्पी म्हटलं. द्वाड कार्टी! त्यात एवढं काय?"

पुढच्या क्षणी ग्रिझेलची सुरी एल्स्पेटच्या हनुवटीखाली होती. मी मिठाचा हात तसाच धरून उभी राहिले. ओरडावं, तर सुरी सरकेल.

"हेंप म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?" ग्रिझेलचा आवाज अगदी खाली गेला होता. "ज्याच्या वाखाचा दोर वळतात ते झाड. ज्याच्या गळ्यासाठी ते उगवतंय, तो हेम्पी. माझ्या भावाला आई लहानपणापासून हेच म्हणायची. लाडानं! आणि गेल्या वर्षी त्याला एडिंबरोत फाशी दिलं."

एल्स्पेट हलली नाही. आम्ही जन्मभर एकमेकींच्या पोरांना तसं म्हणत आलो होतो. शब्दाच्या पोटात काय आहे, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

"अगं, मला माहीत नव्हतं," ती कशीबशी म्हणाली.

सुरी जराशी सरकली आणि एल्स्पेटच्या हनुवटीवर रक्ताची रेघ उमटली. तेवढ्यात मुकादम टोपी झटकत आला. "काय चाललंय इथं? रक्त कसलं?"

ग्रिझेलच्या हातात सुरी तशीच होती. ती पांढरीफटक पडली.

"माझीच सुरी निसटली," एल्स्पेट म्हणाली. "बघत काय उभा राहिलास? पिंपं आण जा!"

मुकादमानं आम्हा तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याला ते पटलं नव्हतं. पण बोटी येतच होत्या, तो गेला.

एल्स्पेटनं सुरी लागू नये म्हणून बोटाला गुंडाळलेली चिंधी सोडून हनुवटीवर दाबली. मग ग्रिझेलकडे न बघता विचारलं, "नाव काय होतं गं त्याचं?"

सुरी खाली ठेवून ग्रिझेल म्हणाली, "वॉटी."

आणि हौदाच्या काठाला धरून ती रडायला लागली.