स्कॅनमधला पाय

संघमित्रा घाटकोपरला कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. पेशंटच्या उरलेल्या पायाचा स्कॅन यायचा, तो कॉम्प्युटरवर घेऊन त्यावर नेमका बसेल असा साचा, म्हणजे सॉकेट, ती तयार करायची. हिवाळ्यात तिच्या वडिलांचा, राजारामांचा, डावा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली कापावा लागला. उन्हाळ्यात त्यांचा स्कॅन तिच्याच टेबलावर आला.

"मी करते गं हे," शेजारच्या टेबलावरची गंधाली म्हणाली. "तू माझी ती परभणीची केस घे."

"नको. होईल माझ्याकडून."

खरं तर तिला काही वाटतच नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून तिने अख्खा डोसा खाल्ला होता. नंतर घरी ड्रेसिंग आई करायची. तेवढ्या वेळात संघमित्रा गॅलरीत कपडे वाळत घालायची, नाहीतर वाळलेले काढायची. तो पाय तिने अजून नीट पाहिला नव्हता, आणि पाहा असं कुणी म्हटलंही नव्हतं.

फाईल उघडली तर स्क्रीन रिकामा. हे नेहमीचंच. स्कॅनरने जिथून मोजायला सुरुवात केली तो त्याचा शून्य. सॉफ्टवेअरचा शून्य, ओरिजिन, वेगळ्याच ठिकाणी. तिने झूम मागे घेतला तेव्हा कुठेतरी लांब एक राखाडी पाय आडवा पडलेला दिसला. कॅटलॉगमधून घेतलेली, सॉकेटखाली जोडायची नळी आणि पाऊल आणखी तिसरीकडेच.

तिने रोजच्यासारखं काम केलं. गुडघ्याच्या वाटीखालचा खळगा शोधला, तिथे बिंदू ठेवला, तो बिंदू ओरिजिनवर आणला. आडवा पाय फिरवून उभा केला. मग त्याच रेषेत खाली नळी, नळीखाली पाऊल. चित्र सरळ, सुबक दिसत होतं. तिने ते मशीनला पाठवलं आणि डबा खायला गेली.

ट्रायलला तिची आई शकु राजारामांना रिक्षाने घेऊन आली. आधाराला धरायच्या दोन आडव्या बारच्या मध्ये ते उभे राहिले आणि लगेच पुढे झुकले. टाच जमिनीला टेकेना.

"पप्पा, गुडघा सरळ करा."

"सरळच आहे की."

सरळ नव्हता. वर्कशॉपचे मालक विद्याधर सर खाली बसले, हाताने चाचपून पाहिलं. "बसून बसून आखडलाय. व्यायामाने थोडा सुटेल, सगळा नाही सुटणार. स्कॅनबरोबर गुडघ्याचा कोन आला नव्हता का?"

"नव्हता, सर."

"मग विचारायचं ना. घरातलाच पेशंट आहे." आवाज चढला नव्हता त्यांचा. "आज दमलेत ते. उद्या घरी नीट मोजून आण."

सकाळी विक्रोळीच्या घरी राजाराम दिवाणावर पाय पसरून बसले. शकुने लुंगी वर सरकवली आणि चहा ठेवायला आत गेली. संघमित्रा दोन पट्ट्यांचं कोनमापक घेऊन समोर बसली. आता पाहणं भागच होतं. कातडी चकचकीत झाली होती, शिवण एका बाजूला ओढल्यासारखी. तिने खाली हात धरला. पाय गरम होता. स्क्रीनवर तो राखाडी असायचा, एवढंच तिच्या मनात आलं.

"घट्ट धर," राजाराम म्हणाले. "दुखत नाही."

"सरळ करा बघू जमेल तेवढा."

त्यांनी दात आवळून जोर लावला. तिने पट्ट्या जुळवल्या. आता रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. तिने आकडा वाचला आणि मोबाईलमध्ये टाकला.

"बराच वाकडा आहे का गं, संघू?"

"थोडा आहे."

"मला तर तो सरळच वाटतो. काल खोटं नाही बोललो."

"माहितीये, पप्पा."

ऑफिसला येऊन तिने सगळं पहिल्यापासून केलं. ओरिजिन तोच ठेवला, पण त्याच्याभोवती पाय मोजलेल्या कोनाइतका मागे वळवला. नळी उभी, पाऊल सपाट. गंधाली खुर्ची सरकवून आली.

"अगं, हे तिरकं दिसतंय."

"तो तसाच आहे."

दुसऱ्या ट्रायलला टाच टेकली. राजाराम बार धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, तिथे वळायला त्यांना बराच वेळ लागला. शकु पदराने डोळे पुसत होती. संघमित्रा बाजूने चालत होती, हात पुढे करून, पण न लावता.

"आतल्या अंगाला चावतंय," राजाराम म्हणाले. सरांनी तिथे पेन्सिलने खूण केली, घासून देऊ म्हणाले. आज पुरे, असंही म्हणाले. राजारामांनी तरी आणखी एक फेरी मारली.

ते गेल्यावर गंधालीने विचारलं, "बरं वाटलं ना तुला?"

संघमित्राने थोडा विचार केला. "कळत नाही गं अजून," ती म्हणाली. मग खूण केलेलं सॉकेट उचलून ती स्वतःच घासायच्या मशीनवर जाऊन बसली.