वरचे एकशे सोळा

मीटिंगला या म्हटलं की आमच्या विद्यानगरातल्या बायकांना नेमका तेव्हाच कुकर लावायचा असतो. हळदीकुंकवाला या म्हटलं की लिफ्ट बंद असली तरी जिने उतरून येतात. म्हणून यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू मी घरी केलंच नाही. थेट वॉर्ड ऑफिसच्या व्हरांड्यात मांडलं, बजेटच्या सभेच्या आधी.

"त्रिवेणी, डोकं फिरलंय तुझं," आमचे हे म्हणाले. हे म्हणजे अनिल देगलूरकर. जन्म ऑडिटमध्ये गेला. रिटायर झाले तरी वाण्याचं बिल दोनदा तपासतात. सरकारी कचेरीत हळदीकुंकू करायला कुठल्या नियमाने परवानगी आहे, ते त्यांना आठवेना.

"आणि करू नये असं कुठल्या नियमात आहे?" मी विचारलं.

तेही आठवेना. मग मुकाट्याने तिळगुळाचे डबे उचलून माझ्यामागे आले.

सगळी भानगड मोगलीकुंट्याची. कुंटा म्हणजे इकडच्या तेलुगूत लहानसं तळं. आमच्या बाल्कनीतून दिसतं. मी लग्न होऊन नांदेडहून इथे आले, तेव्हा सासूबाई गौरीचे खडे आणायला मला तिथेच घेऊन गेल्या होत्या. ओंजळीत पाणी घेतलं तर तळहाताच्या रेषा दिसायच्या. आता मागच्या नव्या अपार्टमेंटांचं सांडपाणी एका जाडजूड पाइपातून धो धो त्यात पडतं. गेल्या उन्हाळ्यात सगळे मासे पोट वर करून तरंगले. मी काठावर उभी राहून रडले, आणि मग घरी येऊन ह्यांच्यावर उगाचच ओरडले.

तक्रारी करून माझ्या चपला झिजल्या. शेवटी इंजिनीअर म्हणाले, पाइप वळवून मोठ्या ड्रेनेजला जोडावा लागेल, दहा-अकरा लाख लागतील. वॉर्डाच्या पर्यावरण निधीत यंदा तीस लाख होते. आणि ते जवळजवळ सगळे कशावर लावले होते माहितीये? सुशोभीकरण. तळ्याच्या मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं. म्हणजे तेच घाण पाणी वर उडवायचं, तेही गुलाबी करून. असला संताप झाला माझा.

"नुसतं ओरडून काही होत नाही," हे म्हणाले. "बजेटमध्ये त्या कामाच्या नावाचं हेडच नाही. हेड नसेल तर एक पैसा खर्च करता येत नाही. नावापुरते हजार रुपये का होईना, टाकायला लाव. एकदा हेड उघडलं की पुढे दुसरीकडचे पैसे त्यात वळवता येतात."

तर असं ते हळदीकुंकू. व्हरांडा नुसता फुलून गेला. मराठी, तेलुगू, कन्नड, सगळ्या आल्या. वाण म्हणून मी प्रत्येकीला चहाची गाळणी दिली, आणि तिळगूळ तोंडात असतानाच म्हटलं, "आता जरा आत येऊन बसा गं. कुंट्याचा निकाल आहे." वाण घेतल्यावर नाही कोण म्हणतंय? सगळ्या आत आल्या. खुर्च्या संपल्या तशा भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

भिंतीवर मोठा पडदा होता. अकाउंट्समधली नसरीन लॅपटॉपवर टाइप करायची, आणि ते पडद्यावर उमटायचं. पर्यावरण निधीखाली झाडं, कचरा वगैरे लहानसहान रकमा आधीच बसवल्या होत्या. नवं काही टाकलं की तेवढी रक्कम सुशोभीकरणातून आपोआप कमी व्हायची. कोपऱ्यात वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. मी ते वाचायच्या फंदात पडले नाही.

वॉर्ड समितीचे अध्यक्ष होते यादगिरी अण्णा. माणूस दिलदार, पण कोणालाच दुखवायचं नाही ही त्यांची खोड. कारंजं सुचवलं होतं समितीचे सभासद युवराजशेठ यांनी, गौलीगुड्यात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. त्यांच्या मिसेस आमच्यातच उभ्या होत्या, गाळणी घेऊन.

मी उठले आणि सगळं सांगितलं. मासे, वास, पाइप, गौरीचे खडे, सगळं. आवाज चढला माझा, चढणारच.

"अक्का, नाराज नक्को होना," अण्णा म्हणाले. "यंदा कारंजं ठरलंय. पण तुमचं हेड उघडून ठेवतो. टोकन म्हणून एक हजार रुपये. खूष?"

हे खालून मला खुणावत होते की घे, घे, हेच हवं होतं. मलाही कळत होतं. पण एवढ्या बायकांसमोर हजार रुपये, भीक घातल्यासारखे? माझं डोकंच सटकलं.

"अण्णा, शुभ कामाला आमच्यात शून्यावर संपणारी रक्कम कोणी देत नाही," मी म्हटलं. "पाकिटात घालताना वर एक रुपया घालतात. तुम्ही आमच्या कुंट्याला अपशकुन करताय."

हॉलमध्ये हशा पिकला. अण्णांनी दोन्ही हात जोडले. "एक रुपया काय मागता अक्का? हमारे तेलुगू लोगां में वरचे एकशे सोळा देतात. हजार एकशे सोळा. लिहा नसरीनम्मा, एक एक एक सहा."

नसरीनने टाइप केलं. पडद्यावर 'मोगलीकुंटा, सांडपाणी वळवणे' आणि त्यापुढे १११६ असं उमटलं. कोणाची मुंज असल्यासारख्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सभासदांना विचारलं, सगळ्यांनी हसत हात वर केले. मंजूर. गडबडीत सुशोभीकरणाच्या आकड्याकडे कोणी पाहिलंच नाही.

मी खाली बसले तर हे चष्मा पुसत होते. ह्यांनी चष्मा पुसायला घेतला की समजावं, कुठेतरी हिशेब चुकलाय.

"काय झालं?"

"वर बारीक अक्षरात काय लिहिलंय बघ. रक्कम हजार रुपयांत."

"म्हणजे?"

"म्हणजे हजार रुपयांसाठी नुसता एक लिहायचा. तिने अकराशे सोळा हजार लिहिलेत. अकरा लाख सोळा हजार."

मी पडद्याकडे पाहिलं. अकरा लाख. पूर्ण पाइप. तेवढ्यात हे उठायला लागले. मी त्यांची बाही गच्च पकडली.

"बसा खाली. तोंड उघडलंत तर याद राखा."

"त्रिवेणी, हे असंच राहिलं तर पुढच्या वर्षी ऑडिटमध्ये निघेल. तेव्हा अण्णांना कोणी विचारणार नाही. त्या पोरीला विचारतील."

मी नसरीनकडे बघितलं. आमच्या टाळ्यांनी ती खुदखुदत होती. तिची नोकरी नवीन होती, डोळ्यांत नुसता उत्साह. आणि पडद्यावर माझा पाइप होता. देवा, इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल, जितका त्या क्षणी माझ्या नवऱ्याचा आला. कारण तो बरोबर बोलत होता.

मी बाही सोडली.

हे उभे राहिले आणि शांतपणे सगळं सांगितलं. नसरीनचा चेहरा उतरला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, तुझ्याच घरातून घात झाला म्हणून. मी रडायच्या बेतात होते.

अण्णांनी रुमालाने मान पुसली. "मग आता काय करायचं, देगलूरकर साब? तुम्हीच बोला. आप तो कायदे के आदमी."

"चूक झाली हे नोंदवा, आणि ती अध्यक्षांच्या सांगण्यावरून झाली हेही नोंदवा," हे म्हणाले. "आकडा सभेने मंजूर केलाय. कमी करायचा तर कोणीतरी सभासदाने तसं सुचवावं लागेल. कोणी सुचवलं नाही, तर सभेने जाणूनबुजून ठेवला असं लिहून तो तसाच ठेवता येतो."

अण्णांनी सभासदांकडे पाहिलं. मग भिंतीला लागून उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या कपाळावर ताजं हळदकुंकू, हातात गाळण्या. अण्णांना हसू यायला लागलं होतं.

"कुंट्याचे पैसे कोणाला कमी करायचेत?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "हात वर करा."

कोणी हलेना. युवराजशेठांचा हात गुडघ्यावरून उठला, खांद्यापर्यंत आला. त्यांच्या मिसेस जागेवरून तसूभर हलल्या नाहीत, फक्त बघत राहिल्या. शेठांचा हात तसाच पुढे डोक्यापर्यंत गेला आणि त्यांनी केस सारखे केले.

"लिहा," अण्णा म्हणाले. "सभेने ठेवले."

मग एकच गलका झाला. मी कोणाकोणाला मिठी मारली मला आठवत नाही, बहुतेक युवराजशेठांच्या मिसेसनाही. नसरीन पळत आली आणि म्हणाली, "आंटी, मेरे कू भी एक छन्नी देव ना." एकही गाळणी शिल्लक नव्हती. मी तिला घरी बोलावलंय, माझी स्वतःची देणार आहे.

घरी जाताना आम्ही कुंट्यावरूनच गेलो. पाइप अजून धो धो वाहत होता. आज मला तो वास येतच नव्हता.

"तुम्ही उठलात ना," मी म्हटलं, "तेव्हा ठरवलं होतं, ह्या माणसाशी जन्मात बोलायचं नाही."

"माहीत होतं."

"तरी उठलात?"

"बाही सोडलीस ना तू," हे म्हणाले.

मी पाण्याकडे बघत म्हटलं, "भाद्रपदात गौरीचे खडे इथूनच आणू."

"टेंडर वेळेत निघालं तर," हे म्हणाले.

मी परत तीच बाही धरली, आणि घर येईपर्यंत सोडली नाही.