मिठाच्या होड्या

“थांब! होडी उचलू नकोस. हे चालत नाही!” मेर्ले खुर्चीवरून अर्धी उठली आणि तिनं समोरच्या मुलीचा हात पटावरच धरला.

चर्चच्या सभागृहातली सगळी माणसं मान वळवून आमच्याकडे बघायला लागली. बैठ्या खेळांच्या कौटुंबिक स्पर्धेची अंतिम फेरी चालली होती. एका बाजूला माझा नवरा इंगोल्फ आणि आमची दहा वर्षांची मेर्ले, दुसऱ्या बाजूला गणिताचे मास्तर ब्रोकमान आणि त्यांची लेक थेरेसा. मी मागच्या बाकावर धाकट्या फेम्केला वाफल भरवत बसले होते.

“का चालत नाही?” थेरेसा म्हणाली. “गावात मीठ उतरवलं की होडी उचलून खाणीवर ठेवायची. सगळे असंच खेळतात.”

“मग सगळे चुकतात! रिकामी होडी नदीतून एकेक घर मागे आणायची असते. उचलून ठेवली तर ती लबाडी झाली.”

“मेर्ले,” इंगोल्फ हळूच म्हणाला, “जाऊ दे ना.”

“का जाऊ दे? पपा, तुम्हीच तर शिकवलंय!”

इंगोल्फ बोट्रोपमध्ये बस चालवतो. बसमध्ये त्याचं कुणी ऐकत नाही, डेपोत सणासुदीच्या पाळ्या त्याच्याच गळ्यात मारतात, आणि घरी मी आहे. पण रविवारी दुपारची कॉफी झाली की तो कपाटातून एक खेळ काढतो, टेबलाशी उभा राहतो आणि नियम सांगायला लागतो. तेवढा वेळ मीसुद्धा तोंड उघडत नाही. आमच्याकडे एकशे बारा खेळ आहेत, बहुतेक जुन्या बाजारातून आणलेले. तिथं हा बाबा उकिडवा बसून एकेक सोंगटी मोजतो, आणि विकणारा कंटाळून दोनदा कॉफी पिऊन येतो. एक फासा कमी निघाला तरी खोका परत.

मेर्लेला तर पपांनी सांगितलेला नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ‘माझे पपा म्हणतात’ असं म्हणत ती मैत्रिणींच्या वाढदिवसांत भांडून आली आहे. त्यातल्या दोघींनी पुढच्या वर्षी तिला बोलावलंच नाही. ती घरी येऊन रडली, पण नियम काही तिनं सोडला नाही.

अंतिम फेरीच्या चिठ्ठीत ‘मिठाच्या होड्या’ निघाला तेव्हा पोरीनं टाळ्याच पिटल्या. आमच्या घरचा सगळ्यांत लाडका खेळ! पंच केमर्लिंगबाईंनी विचारलं, “नियम वाचून दाखवू का?” इंगोल्फ काही बोलणार एवढ्यात मेर्ले म्हणाली, “आम्हाला नको. माझ्या पपांना सगळे पाठ आहेत.”

आता त्याच केमर्लिंगबाई चष्मा सावरत आल्या. त्यांनी खोक्यातली पुस्तिका उघडली आणि सहावं पान मोठ्यानं वाचलं. मीठ उतरवलेली होडी उचलावी आणि त्याच खेळीत खाणीवर ठेवावी. एवढं स्वच्छ लिहिलं होतं.

“आमच्या पुस्तिकेत असं नाहीये,” मेर्ले म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “हो ना पपा?”

“घरगुती नियम असतील,” ब्रोकमान मास्तर गालात हसले. “चालायचंच.”

इंगोल्फची कानशिलं लाल झाली. तो हात चोळत बसला. एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्याला इतका ओशाळलेला कधी बघितला नव्हता.

“आपल्या पुस्तिकेत ते पान नाहीच आहे, मेर्ले,” तो शेवटी म्हणाला. “जुन्या बाजारात मी होड्या मोजल्या, मिठाची पोती मोजली, गावं मोजली. पानं मोजायची राहिली. घरी आल्यावर बघतो तर मधलं एक पान गायब. तू समोर बसून राहिली होतीस, कधी सुरू करायचं म्हणून. मग मीच रचलं काहीतरी.”

“रचलं?”

“हो.”

“आणि इतकी वर्षं सांगितलं नाही?”

“आधी वाटलं, उद्या सांगू. मग तू ते सगळ्यांना सांगायला लागलीस. मग धीरच झाला नाही.”

मला तर त्याच्या डोक्यात ती कॉफीची किटलीच घालावीशी वाटली. मलाही फसवलं होतं मेल्यानं! रिकाम्या होड्या मागे ओढता ओढता माझे किती रविवार गेले होते. पण मेर्लेकडे बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला. त्या दोन मैत्रिणी तिला आठवत असणार, हे मला न सांगता कळलं.

“डाव सोडायचा आहे का, बाळ?” केमर्लिंगबाईंनी विचारलं.

मेर्लेनं बाहीनं नाक पुसलं. मग गावापासून खाणीपर्यंतची घरं बोटानं मोजली.

“म्हणजे होडी मागे आणायचीच नाही?” तिनं विचारलं. बापाला नाही, बाईंना. “अजिबात?”

“अजिबात नाही.”

“मग हे तर एकदम सोप्पं आहे!”

आणि पोरीनं जे खेळायला घेतलं! आमच्या घरी होडी लांब पाठवायची म्हणजे दहादा विचार करायचा, कारण तीच होडी रिकामी परत आणावी लागते. त्यामुळे अर्धी भरलेली होडी हलवायचं पाप मेर्लेनं आयुष्यात केलं नव्हतं. ब्रोकमान मास्तर दोन-दोन पोती घेऊन धावत होते. मेर्लेच्या होड्या काठोकाठ भरून निघत होत्या आणि उतरवल्या की पुन्हा खाणीवर हजर. इंगोल्फ फक्त पोती पुढे करत होता. तिनं मागितलं की द्यायचं, एवढंच त्याचं काम. मास्तरांचं मीठ तीन गावांत पोचलं तोवर मेर्लेनं पाचवं, शेवटचं गाव भरून टाकलं.

“जिंकलो!” फेम्के माझ्या मांडीवरून किंचाळली. सभागृहात टाळ्या पडल्या. मी उभी राहून शिट्टी वाजवली, आणि मला त्याची बिलकूल लाज वाटली नाही.

मेर्लेनं चषक घेतला, हात मिळवले, पण बापाकडे काही बघितलं नाही. इंगोल्फ खाली मान घालून होड्या रंगांप्रमाणे पिशव्यांत भरत बसला.

ब्रोकमान मास्तर रेंगाळले. “एक विचारू? रिकामी होडी मागे आणायची, तर मग वाटेत दुसऱ्याची भरलेली होडी समोर आली तर?”

“सोडा हो,” इंगोल्फ म्हणाला. “चुकीचंच होतं ते.”

“चुकीचं नाहीये,” मेर्ले म्हणाली.

इंगोल्फचा हात पिशवीतच थांबला.

“अवघड आहे,” ती म्हणाली. “यांना दाखवा ना, पपा.” तिनं चषक जमिनीवर ठेवून टेबलावर जागा केली आणि पट पुन्हा उलगडला. थेरेसा खुर्ची ओढून बसली. केमर्लिंगबाईही कॉफीचा कप घेऊन आल्या. इंगोल्फ उभा राहिला, खाकरला आणि सांगायला लागला.

“पण मग अशा वेळी...” मास्तरांनी तोंड घातलं.

“मध्ये बोलायचं नाही,” मेर्ले म्हणाली. “आधी सगळं ऐकून घ्यायचं.”

मास्तर निमूटपणे ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, “ही आवृत्ती कुठल्या दुकानात मिळते?”

“कुठंच नाही मिळत,” मेर्ले म्हणाली. “माझ्या पपांनी केलीय.”