माझ्या नाकावरची फक्की

“सर, चेंडूला विचारलं का?”

हा प्रश्न करिश्माचा. पण विचारायला लावला मैत्रिणींनी. “हिंमत हाय तर विचार!” म्हणत राजश्रीने कोपर मारलं, आणि करिश्माने भर मैदानात विचारलं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. कारण तो चेंडू मीच!

मित्रांनो, मी एक जुना रग्बीचा चेंडू आहे. कारखान्यात चार तुकडे जोडून मला दोन्ही टोकांना निमुळतं केलं. उमरीच्या शाळेत आलो तेव्हा पोरी म्हणाल्या, “अगं, ही तर पपई!” शिपाईमामांनी तर दार वाऱ्याने लागू नये म्हणून मला उंबऱ्यात ठेवलं. मग एक दिवस करिश्माने मला बगलेत मारलं आणि अशी पळाली, अशी पळाली, की वाटलं, बरं झालं गोल नाही झालो! सायकलच्या पंपाने हवा भरून घेत मी थेट लातूरच्या स्पर्धेत पोचलो.

समोर देवणीच्या पोरी. शेवटचं मिनिट. फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर मला टेकवलं की ‘ट्राय’, म्हणजे उमरी जिंकली. नाही तर सरळ घरी. करिश्माने झेप घेतली, तिच्यावर चौघी पडल्या, आणि माझं नाक थेट रेघेत! नाकभर फक्की. अजून काय पुरावा पाहिजे?

पण पंच मुकुल सर त्या ढिगाच्या मागे. “मला दिसलं नाही. टीव्हीवर करतात तसं व्हिडिओ बघू.”

झालं! टीव्हीवाल्यांकडे चारी बाजूंनी कॅमेरे. इथे करिश्माचे पप्पा, व्यंकटीराव, आणि त्यांचा एक मोबाइल. सगळे त्यावर वाकले. दिसलं काय? करिश्माचं तोंड. नुसतं तोंड!

“बॉल कुठंय?” सरांनी विचारलं.

“बॉल कशाला? मी माझ्या पोरीचा व्हिडिओ काढून राहिलो होतो ना!”

पुन्हा लावला. हळू लावला. मोठा करून लावला. तोंड मोठं झालं, बस्स. आणि मी तिथेच, दोन हातांवर गवतात! अहो, इकडे बघा की!

तेव्हा करिश्माने तो प्रश्न विचारला. उठताना तिने माझं नाक पाहिलं होतं. हसू ओसरल्यावर सरांनाही पटलं. “खरंच की. रेघेला लागला असेल तर फक्की असणार. आण चेंडू.”

करिश्मा वळली. तोवर मला गवतातून उचललं होतं, आणि मी तिच्या आईच्या, रुक्मिणबाईंच्या मांडीवर होतो. पदराने पुसून लख्ख.

“लई मळला होता गं माय,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

न दिसलेला ट्राय सर कसा देणार? देवणीच्या पोरी नाचल्या.

मित्रांनो, माझ्यात हवा भरत जा, मला उन्हात टाकू नका. पण हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते: निकाल लागेपर्यंत मला पुसू नका!

परतीच्या एसटीत आई-पप्पा पुढच्या बाकावर. मला पोटाशी धरून करिश्मा बोलली, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी.

“ऐका. मी पंच होणार. सरांकडं पंचांच्या शिबिराला नाव देऊन आले. जमिनीवर झोपून बघीन, पण माझ्या डोळ्यानं बघीन. आन् माझ्या म्याचला, पप्पा, मोबाइल खिशात. माय, तुझा पदर कमरेला!”