जागरणाची देवी

शनिवारी सूर्य वर यायच्या आत कासा-चारोटीकडून जीपगाड्या रानशेतला येऊ लागत. आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं आणि हातात नारळ. सगळ्यांना सुदामच्या अंगणात माताजी बघायची असे. ही माताजी म्हणजे सुदामची मुलगी सरिता, मी शिकवतो त्या बारावीच्या वर्गातली.

हा शोध नवीनबापू नावाच्या बुवांचा. ते गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीकडून आले होते. तोंडात अर्धी गुजराती, अर्धी मराठी, आणि अडचणीच्या प्रश्नासाठी राखून ठेवलेली हिंदी. "सूरज उगशे, माताजी पधारशे," म्हणजे सूर्य उगवला की माताजी येणार, असं ते आदल्या दिवशीच छातीठोकपणे सांगत. आमच्याकडे एसटी वेळेवर येत नाही. माताजी मात्र येत. सकाळी सरिताचे हात झटके देऊ लागत, डोळे फिरत आणि ती कोसळून ताठ होई. बापू मंतरलेलं पाणी शिंपडत. थोड्या वेळाने ती निवली की म्हणत, "माताजी शांत थया." लोक गहिवरून नारळ फोडत.

मग बापूंनी जाहीर केलं, की येत्या पौर्णिमेपासून सरिता कायमची त्यांच्या वेवजीच्या गादीवर बसेल. सुदामला आभाळ ठेंगणं झालं. सरिताला नर्स व्हायचं होतं. ती मला म्हणाली, "सर, गादीवर बसल्यावर परीक्षा देता येते का?" मला बापूंचा इतका राग आला, की मी त्याच दिवशी डहाणू गाठलं.

तिथल्या सरकारी दवाखान्यात रुचिका मॅडम आल्या होत्या. मेंदूला मार लागणं, फिट येणं आणि झोप यांचा एकमेकांशी काय संबंध, यावर त्या संशोधन करतात. त्यासाठी पाड्यापाड्यांत फिरून फिटच्या रुग्णांना भेटत होत्या. मी त्यांना सरिताच्या घरी बोलावलं. मला वाटलं, काहीतरी मोठं यंत्र घेऊन येतील. त्या आल्या आणि सरिताच्या आईशी, जिवलीशी, चुलीपाशी गप्पा मारत बसल्या.

बापूंचा विधी काय, हे त्यांनी विचारलं. जिवलीने सांगितलं: शुक्रवारी रात्रभर जागरण. सरिताने डोळा मिटायचा नाही. पेंग आलीच तर बाया तिच्या तोंडावर पाणी मारतात.

"बापू यायच्या आधी असं कधी झालं होतं?"

झालं होतं. चुलत भावाच्या लग्नात रात्रभर तारप्याच्या सुरांवर नाचली, त्याच्या दुसऱ्या सकाळी. होळीच्या दुसऱ्या दिवशी. एरवीही झोप कमी झाली, की सकाळी हातातला कप उडायचा. तेव्हा जिवलीच ओरडायची, 'धड धरता येत नाही का.'

"आणि रात्री पोटभर झोपली असेल तेव्हा?"

जिवलीने एकेक दिवस आठवून पाहिला. मग हळूच म्हणाली, "तवा नाय आली कधी."

मॅडमनी समजावलं, की हा फिटचा आजार आहे. या प्रकारात जागरण झालं, की सकाळी मेंदूत विजेचा गोंधळ उडतो. बापू देवीला बोलावत नव्हते, ते पोरीला झोपू देत नव्हते. आणि फिट बहुतेक वेळा आपली आपणच थांबते. श्रेय पाण्याला मिळतं. डहाणूच्या डॉक्टरांनी सरिताला तपासून गोळ्या सुरू केल्या. फिट पुन्हा येणारच नाही असं वचन मात्र मॅडमनी दिलं नाही. नियमित गोळी आणि पुरेशी झोप, एवढंच सांगितलं. सुदामला ते पटलं नाही. देवीचा कोप होईल, म्हणाला.

शुक्रवारी रात्री जिवलीने जागरणाला आलेल्या बायांना घरी पाठवलं, पोरीला कुशीत घेतलं आणि दाराला आतून कडी घातली.

सकाळी अंगण भरलं. सूर्य माडाच्या वर गेला. बापूंनी तिन्ही भाषांत माताजींना साकडं घातलं. सरिता बाहेर आली, जांभई दिली आणि आईकडे चहा मागितला. कप हातात नीट राहिला.

"भीडमध्ये कोई अपवित्र आहे," बापू घाम पुसत म्हणाले. "आज रात्री परत जागरण करावं लागेल."

"करा की," जिवली म्हणाली. "आजची रात तुम्ही जागा, बापू. माताजी तुमच्या अंगात येऊ दे. माझी पोर झोपंल."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळं अंगण. बापूंनी झोळी उचलली आणि माताजी नाराज असल्याचं सांगत जीप गाठली. त्यांची हिंदीही संपली होती.

सुदामने चहा पिणाऱ्या पोरीकडे बघितलं. मग गर्दीकडे वळून म्हणाला, "जा आता घरी. शनिवारची सकाळची शाळा असते. पोरीला उशीर होतोय."

कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, चप्पल हुंगवू नका. शांत झाल्यावर दवाखान्यात न्या, आणि फिट थांबतच नसेल तर ताबडतोब न्या. देव मानायचा त्याने मानावा, माझं भांडण नाही. पण ज्या देवीला यायला एका आजारी पोरीची झोप मोडावी लागते, तिच्यापुढे नारळ फोडण्याआधी त्या पोरीला एक रात्र झोपू द्या. मग सकाळी बघा, कोण येतं.