धुरपताची सही

माणसाला स्वतःचं नाव लिहिता आलं की त्याचं काय होतं, ते बघायला तुम्ही पंचावन्न साली नाचणगावात हवे होतात. तुम्ही नव्हतात, मी होते. म्हणून सांगते.

नाचणगाव पुलगावला इतकं लागून की गिरणीचा भोंगा आमच्या चुलीपाशी ऐकू यायचा. पहिल्या भोंग्याला बाया भाकरी बांधायच्या, दुसऱ्याला वाटेला लागायच्या. साडेतीनला परतायच्या तेव्हा केसांत, भुवयांत कापसाची तुसं अडकलेली. "या, म्हाताऱ्या आल्या," असं मी म्हणायचे आणि त्या मला शिव्या घालायच्या. किती गोड शिव्या होत्या त्या. आता कोणी तशा देत नाही.

मी वीस वर्षांची, सातवीची फायनल परीक्षा पास, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर सरकारनं प्रौढांचा वर्ग काढला होता, त्याची मी बाई. महिन्याला पंधरा रुपये. चार ते सहा वर्ग, आणि पटावर बावीस बाया. आल्या की आधी पाय पसरून बसायच्या, पान खायच्या, सासवांची निंदा करायच्या, आणि मग माझ्यावर उपकार केल्यासारखं पाटी हातात घ्यायच्या.

धुरपता मात्र तशी नव्हती. चाळिशीची, विधवा, गिरणीत सुताच्या आट्या बांधायची. एकुलती एक पोरगी गंगा. ती पुलगावच्या शाळेत सातवीत होती. "माही गंगा फायनल पास झाली की मास्तरीण होईन, तुमच्यासारखी," हे धुरपता दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची. गिरणीतल्या कामानं तिची बोटं चिरलेली, तरी पेन्सिल अशी धरायची की वाटावं आता मोडते. दोन महिन्यांत ती नाव लिहायला शिकली. मग काय विचारता. भिंतीवर चुन्यानं धुरपता, पिठाच्या डब्यावर कोळशानं धुरपता. गिरणीत पगार घेताना अंगठा न लावता तिनं पहिली सही केली, त्या दिवशी वर्गात पेढे वाटले. मला दोन दिले. मला तेव्हा खरंच वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

आता बंडूजीची गोष्ट. बंडूजी गिरणीच्या फाटकासमोर भांड्यांचं, कंदिलांचं, कापडाचं दुकान लावायचा. हसतमुख, आर्जवी, प्रत्येक बाईला ताई म्हणणारा. गिरणीत पगाराचं कार्ड असायचं, जाड पुठ्ठ्याचं, गुलाबी. ते खिडकीत दाखवलं की पगार मिळायचा. बंडूजीचा धंदा त्या कार्डावर. "कार्ड ठेवा ताई, भांडं न्या." पगाराच्या दिवशी तो फाटकाशी उभा. कार्ड बाईच्या हातात द्यायचा, पैसे आले की तिथंच आपला हप्ता काढून घ्यायचा आणि कार्ड पुन्हा आपल्या खिशात.

तरी एक होतं. आमच्या गावात अंगठ्याला जुना रिवाज होता. कोणीही अंगठा लावणार असेल तर तो कागद देवळासमोर, दोन साक्षीदार बसवून, मोठ्यानं वाचायचा. वाचल्याशिवाय शाई बोटाला लागत नसे. बंडूजीलाही ते चुकलं नव्हतं. त्यामुळे अंगठेवाल्या बायांशी तो जरा सांभाळून असायचा. सही करणाऱ्याला मात्र कोण वाचून दाखवणार? सही केली म्हणजे वाचलं, असंच सगळे धरून चालायचे.

बंडूजीनं माझ्या वर्गाला खडूचा डबा आणि डझनभर पाट्या दिल्या होत्या. मी त्याचे भर वर्गात आभार मानले होते. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी धुरपता वर्ग सुटल्यावर मागं थांबली. पदराखालून घडी केलेला कागद काढला. म्हणाली, "बाई, यात काय लिहून हाये, सांगजा जरा. गंगीले वाचाले देत होती, पण पोरीले काऊन काळजी लावाची?"

पावसाळ्यात तिनं बंडूजीकडून गंगाला अभ्यासासाठी कंदील आणि शाळेत नेसायला दोन पातळं घेतली होती. सगळं मिळून वीस रुपयांचं. त्याच्या कागदावर मोठ्या अभिमानानं सही ठोकली होती. मी वाचलं. दर रुपयामागं महिन्याला दोन आणे व्याज. शिवाय कार्ड सांभाळण्याबद्दल महिन्याला पाच रुपये. आणि शेवटची ओळ अशी, की पैसे फिटले असं बंडूजी म्हणेपर्यंत कार्ड त्याच्याकडेच राहील. कार्ड सांभाळण्याचे पाच रुपये! अहो, एवढ्या पैशांत घरात गाय सांभाळून झाली असती.

"बाई, मी तीस रुपये देऊन राह्यली आतापर्यंत," धुरपता म्हणाली, "अन् तो म्हणते अजून बावीस बाकी हायेत. पुढच्या महिन्यात गंगीच्या परीक्षेची फी हाये. पगार हाती आला नाई तं कुठून भरू?"

मी तशीच तणतणत बंडूजीकडे गेले. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला.

"मास्तरीणबाई, रागावता काऊन? त्यायनं सही केली हाये. सही. अंगठा असता तं म्या वाचून दाखवलं असतं, देवाशपथ."

"तिला वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"मले कसं माहीत असन? तुमच्या रजिस्टरात तं साक्षर लिहून हाये ना? येत्या महिन्यात नागपूरचे साहेब तपासाले येणार म्हणते. बावीस बाया साक्षर, असं तुमी त्यायले दाखवणार. मंग धुरपता साक्षर हाये का नाई, ते तुमीच सांगजा."

चहा न पिताच मी उठून आले. कारण तो खरं बोलत होता. वर जायच्या कागदात 'साक्षर' म्हणजे नाव लिहिता येणं, एवढंच धरलं जायचं. अक्षरं जुळवून वाचायला शिकवायला वर्ष गेलं असतं आणि मला आकडा लवकर हवा होता. म्हणून मी बावीस जणींना नावाचं चित्र काढायला शिकवलं होतं. तपासणी नीट झाली तर मी कायम होणार होते. पंधराचे पंचेचाळीस. खरं सांगितलं तर रजिस्टर खोटं, वर्ग बंद, आणि गावात माझी छी-थू.

मी धुरपताला म्हटलं, "बघते मी काहीतरी." बघितलं काहीच नाही. एक पगार गेला. मी फळ्यावर बाराखडी लिहीत राहिले आणि धुरपता काही विचारत नाही ना, हे चोरून बघत राहिले. तिनं विचारलं नाही. बाईवर तिचा विश्वास होता ना.

मग एका सकाळी देवळीच्या रस्त्यानं येताना एका शेतात बाया कापूस वेचताना दिसल्या. त्यांत गंगा होती. कंबरेला ओटी बांधलेली, अंगावर शाळेचं पातळ. मला बघून तिनं पाठ फिरवली. फी भरायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

मी तिथंच बांधावर बसले. मग उठून सरळ गिरणीत गेले. तिथं कामगारांच्या तक्रारी ऐकायला एक साहेब असायचे. त्यांना बंडूजीच्या कागदाची हकिकत सांगितली आणि म्हटलं, "धुरपताला वाचता येत नाही. माझ्या रजिस्टरातल्या बावीसजणींपैकी एकीलाही येत नाही. मी त्यांना फक्त सही शिकवली. रजिस्टर खोटं आहे."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे लेखी द्याल?"

दिलं. खाली माझी सही केली. इतकी वाईट सही मी जन्मात केली नसेल.

दुपारी त्यांनी धुरपताला आणि बंडूजीला बोलावलं. साहेबांनी धुरपतापुढे गिरणीतलाच एक नोटिसीचा कागद ठेवला आणि वाचायला सांगितलं. तिनं कागद हातात धरला, सरळ धरला, ओठ हलवले. शब्द आला नाही. बंडूजी हसला. तिच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला आणि मला बाहेर पळून जावंसं वाटलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "बंडूजी, तुमचा कर्जाचा कागद हिला वाचून न दाखवता केलेला आहे. आम्ही तो मानत नाही. वस्तूंचे वीस झाले, हिनं तीसच्या वर दिलेत. कार्ड काढा." बंडूजीनं कुरकुर केली, पण फाटकासमोरचं दुकान साहेबांच्या मर्जीवर होतं. गुलाबी कार्ड टेबलावर आलं.

कार्ड मिळाल्याचं लिहून द्यायचं होतं. धुरपतानं सवयीनं टाक उचलला. साहेब म्हणाले, "नाही. अंगठा."

"सही येते मले," ती हळूच म्हणाली. "सही चालन नाई का?"

"तुम्हाला वाचता येत नाही, हे आताच ठरलं ना बाई. मग सही कशी घेणार?"

कारकुनानं मजकूर मोठ्यानं वाचला. धुरपतानं टाक ठेवला आणि शाईत अंगठा बुडवला.

आम्ही दोघी नाचणगावच्या वाटेनं निघालो. ती अंगठा पदराला पुसत होती, माती लावून घासत होती. मग म्हणाली, "बाई, साहेबाले आज सांगतलं, ते पह्यलेच काऊन नाई सांगतलं?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "तपासणी होती," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली. घर येईपर्यंत ती अंगठा घासतच राहिली.

आठवड्यात वर्ग बंद झाला. पाट्या मी बंडूजीच्या दुकानात परत नेऊन टाकल्या. त्या संध्याकाळी चारच्या सुमाराला मी घरच्या ओट्यावर नुसती बसले होते. धुरपता आली, पाठीमागं गंगा. धुरपताच्या केसांत कापूस होता. तिला चिडवायची माझी हिंमत झाली नाही. ती समोर बसली, पाय न पसरता. गंगाची पाटी मांडीवर घेतली.

"नाव येते मले," ती म्हणाली. "नावाच्या वरते जे लिहून राह्यते ना, ते शिकवा."