पट्टायातली चौकशी

औषधांच्या कंपनीनं यंदा आम्हा डीलर लोकांना पट्टायाला नेलं. औषधं म्हणजे पिकावर मारायची. ज्याचं टार्गेट पूर्ण होईल त्याला टूर, हा आमच्या धंद्यातला रिवाज. पिंपळगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षवाल्यांच्या जोरावर टार्गेट दरवर्षी पूर्ण होतं आणि काहीतरी निमित्त काढून मी दरवर्षी टूर टाळतो. नुसते पुरुष, बायका घरी, बसमध्ये पत्ते, रात्री दारू आणि सकाळी नाश्त्याला कोण कुठं जाऊन आला त्याच्या गप्पा. मला त्या गप्पांत सांगण्यासारखं काही नसतं. म्हणजे असतं, पण ते सांगितलं तर दुकानाचं शटर पुन्हा वर करायची सोय राहणार नाही.

मला पुरुष आवडतात. मोबाइलवर भेटलेल्या दोनचार लांबच्या माणसांखेरीज हे मी कुणाला बोललेलो नव्हतो. यंदा मात्र पट्टायाचं नाव ऐकलं आणि मी पहिल्यांदाच चटकन हो म्हणालो. त्या शहराबद्दल मी इतकं वाचलं होतं की तिथले रस्ते मला पाठ होते. त्या देशात आता दोन पुरुषांना कायद्यानं लग्न करता येतं. शहराच्या कडेला एक किनारा आहे, तिथं माझ्यासारखी माणसं दिवसाढवळ्या छत्रीखाली एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. मला तिथं एक दुपार बसायचं होतं, आणि त्याचा पत्ता निफाड तालुक्यातल्या एकाही माणसाला लागू द्यायचा नव्हता.

पण मुंबईच्या विमानतळावरच माझी साडेसाती सुरू झाली. तिचं नाव कारभारी अण्णा. विंचूरचे जुने डीलर, साठीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला अष्टगंध. हॉटेलात एका खोलीत दोघं अशी व्यवस्था होती. मी मुद्दाम सटाण्याच्या मोतीरामला मागून घेतलं होतं, कारण दोन पेग पोटात गेले की त्याला जगाची शुद्ध राहत नाही. अण्णांनी टूर मॅनेजरला खांबाआड नेलं, त्याच्या कानाला लागले आणि मोतीरामचं नाव दुसऱ्या खोलीत गेलं.

"मी हाय तुझ्यासंगं," अण्णा म्हणाले. "घोरतो का रे तू?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"तंबाखू, गुटखा?"

"अण्णा, मी फिरायला चाललोय, पोलीस भरतीला नाही."

ते हसले, पण नजर काही माझ्यावरून हलली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

पट्टाया काय वर्णावं! समुद्राला लागून रस्ता, रस्त्याला लागून दिवे, गाणी, भाजलेल्या मक्याचा वास, सगळ्या जगातले लोक अर्ध्या चड्डीत. आणि त्या सगळ्या झगमगाटात माझ्या मागे हा पांढरा शर्ट. मी सोडा मागवला की अण्णा ग्लास उचलून वास घ्यायचे, "लिंबू हाय का यात?" असं विचारत. मी अंघोळ करून बाहेर आलो की माझी बॅग ठेवली होती तिथं नसायची, हातभर सरकलेली असायची. एकदा ते बाल्कनीत फोनवर दबक्या आवाजात बोलताना ऐकू आले. "नाय, अजून तरी काय दिसलं नाय. हाय ना ध्यान माझं. पोरगं जरा आतल्या गाठीचं वाटतं."

पोरगं म्हणजे मी, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. मी म्हटलं, हे नानांचं काम. नाना म्हणजे माझे वडील. माझ्या लग्नासाठी कित्येक वर्षं जोडे झिजवतायत आणि मी प्रत्येक स्थळात खोट काढतोय. मी टूरला हो म्हणालो तेव्हा ते माझ्याकडं बघतच राहिले होते. नक्की त्यांनी पाळत ठेवली असणार. मला इतका राग आला की जेवण गेलं नाही.

संध्याकाळी मंडळी मसाजला निघाली. मसाज कसला ते सगळ्यांना माहीत होतं. मोतीराम माझा हात धरून ओढत होता. मी पाय दुखतायत म्हणून सुटका करून घेतली, तर अण्णाही मागे राहिले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले.

"तू का नाय गेला?"

"पाय दुखतायत."

"पाय दुखले म्हणूनच जातात की मसाजला."

अण्णा बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते. आता याला काहीतरी वास लागलाय, असं वाटून मी उगाच बुटाची नाडी बांधत बसलो.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे मत्स्यालय बघायला जाणार होते. मी पोट बिघडल्याचं सांगून अंथरूण धरलं. अण्णांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप तर नाय."

"पोट बिघडलंय अण्णा, ताप कशाला येईल?"

अखेर ते गेले. बस वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. मग कपडे बदलले, मागे दोन बाकडी टाकलेल्या पिकअपमध्ये बसलो आणि त्या किनाऱ्यावर उतरलो.

तिथं कोइमतूरचा एक शाळामास्तर माझी वाट बघत होता. मोबाइलवरची ओळख. हसरा, सावळा, डोक्यावर गवती टोपी. छत्र्यांच्या रांगा, रांगांत पुरुषांच्या जोड्या, काही तरण्या, काही पार आजोबा झालेल्या. एक आजोबा दुसऱ्या आजोबांच्या पाठीला मलम चोळत होते आणि दुसरे पेपर वाचत होते, जसं काही त्यांच्या घरचं अंगणच आहे. मी मात्र धड बसू शकत नव्हतो. प्रत्येक पांढरा शर्ट मला अण्णांचा वाटत होता. मागून कुणी हाक मारली की मी दचकायचो आणि तो शहाळी विकणारा निघायचा.

"तुला कुणाची भीती वाटते?" मास्तरनं इंग्रजीत विचारलं.

"तालुक्याची," मी म्हणालो. त्याला ते समजावून सांगताना माझंच मला हसू आलं.

मग त्यानं माझ्या मानेला क्रीम लावलं. माझ्या मानेला तोवर न्हाव्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, त्यानं माझ्या केसांवर ओठ टेकले, आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हे. इतकं साधं असतं हे, आणि ते मला इतकी वर्षं मिळालं नाही, याचं.

डोळे पुसून समोर बघितलं तर लांब, झाडांच्या सावलीत, गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली पांढरी पँट. हातात शहाळं. तोंड आमच्याकडं. मी ताडकन उठून उभा राहिलो, तोवर तिथं कुणी नव्हतं.

खोलीवर परतलो तर अण्णा बनियनवर आडवे पडून टीव्ही बघत होते.

"पोट कसंय?"

"बरंय. मासे कसे होते?"

"मासे मासेच असत्यात."

बाल्कनीत त्यांच्या चपला उलट्या करून वाळत घातल्या होत्या, धुतलेल्या, ओल्या. मत्स्यालयात जाऊन चपला कशा भिजतात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पिंपळगावी आल्यावर माझे दिवस वाईट गेले. गिऱ्हाईक जरा जास्त वेळ उभं राहिलं की मला वाटे, याला कळलं. पलीकडच्या टपरीवर कुणी हसलं की वाटे, माझ्यावरच. नानांना काही समजलंय का ते त्यांच्या जेवण्यावरून ताडायचो. आणि एके दिवशी नाना भरदुपारी दुकानात आले, पेढ्यांचा पुडा घेऊन.

"विंचूरचा निरोप आला," ते म्हणाले. "त्यांना तू पसंत पडला. लय पसंत."

मला काही उमगेना. मग नानांनी सगळं सांगितलं. कारभारी अण्णा नानांचे हेर नव्हतेच. त्यांची भाची सायली लग्नाची होती, आणि तिच्यासाठी ते माझी चौकशी करत होते. आमच्याकडं मुलीची माणसं स्थळ कळवण्याआधी मुलाची गुपचूप चौकशी करतात. टपरीवाल्याला विचारतात, सलूनवाल्याला विचारतात, पितो का, बाईचा नाद आहे का. अण्णांनी तर माझी परीक्षा थेट पट्टायात घेतली होती, आणि मी पहिल्या नंबरानं पास झालो होतो. सगळे मसाजला गेले, पण या पोरानं एका बाईकडं मान वर करून बघितलं नाही!

मला हसावं की रडावं कळेना. पण लगेच ओली चप्पल आठवली. अण्णांनी काय बघितलं होतं नेमकं?

रविवारी आम्ही विंचूरला गेलो. नानांनी ठेवणीतली टोपी घातली होती. मी नको म्हणायला तोंड उघडलं की ते इतक्या आशेनं बघायचे की मी पावसापाण्याचं काहीतरी बोलायचो. बैठकीत सायलीचे आईवडील, अण्णा, नाना आणि मी. पोहे आले. सायली आली, तिशीची, चष्मा लावणारी, वाइन पार्कातल्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. मला फार लाज वाटली. अण्णा मोठ्यानं माझी तारीफ करत होते. "असं पोरगं दिवा लावून शोधलं तरी सापडायचं नाय."

माझ्याच्यानं ऐकवेना. हात धुवायचं निमित्त करून मी मागच्या दारी गेलो. अण्णा टॉवेल घेऊन पाठोपाठ आलेच.

"अण्णा, तुम्हाला एक सांगायचंय. मी बायांकडं बघितलं नाही, कारण..."

"ठाऊक हाय," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी बस मधीच सोडून तुझ्यामागं आलो मी. त्या छत्रीखाली पाहिलं तुला. त्या टोपीवाल्यासंगं."

"मग तुम्ही आत हे काय बोलताय?"

"काय चूक बोललो? पीत नाय, जुगार नाय, बाईचा नाद नाय. सायली दारूच्या कारखान्यात कामाला म्हणून धड स्थळ येत नाय तिला. हे कळल्यावर तुला तरी कोण देणार पोरगी? लग्न झालं की जातं हे खूळ. कुणाला बोलू नको, मी बी बोलणार नाय."

इतके दिवस मी या माणसाला भ्यायलो, की हा सांगेल. हा गप्प बसणार होता, आणि त्याचीच आता मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात आतून हाक आली, मुलामुलीला गच्चीवर बोलू द्या. गच्चीवर द्राक्षबागांकडून वारा येत होता. सायली म्हणाली, "बोला." मी आजूबाजूच्या गच्च्या बघून घेतल्या. मग बोललो. सगळं, मास्तरसकट. शब्द धड जुळत नव्हते, पण बोललो.

माझं संपल्यावर तिनं फक्त एक विचारलं, "मामांना हे माहीत होतं?"

मी खोटं बोललो असतो तर अण्णा वाचले असते, कदाचित मीही. मी म्हणालो, "हो."

तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडं न बघता ती जिना उतरायला लागली. "सायली, खाली काय सांगणार आहात?" मी मागून विचारलं. ही सांगणार, मला वाटलं. मी तिच्यामागं खाली आलो.

ती बैठकीच्या मधोमध उभी राहिली. "मामा, चौकशी नीट केली ना तुम्ही?"

"केली की."

"सगळी?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "सगळी."

"आणि तरी माझ्यासाठी हे पसंत केलंत?"

अण्णांची मान खाली गेली. तिच्या आईनं काय झालं म्हणून विचारलं. सायली आईकडं वळली. "मला हे स्थळ नको. का ते मी सांगणार नाही. ते सांगणं माझं काम नाही."

नानांना वाटलं, त्यांच्या मुलाचा अपमान झाला. ते उठले, टोपी सारखी केली आणि अण्णांवर कडाडले, "कारभारी, माझ्या पोरात काय खोट हाय ते सांगा! आत्ता, सगळ्यांसमोर सांगा!"

अण्णांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. मी नानांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं.

"नाना, अण्णांना विचारू नका," मी म्हणालो. "मी सांगतो." आणि सांगितलं.